भोयर ओव्हरसिअरचे दोनशे मीटर

भोयर ओव्हरसिअर आधी मारायचा आणि चूक नंतर सांगायचा. त्यामुळे मार खाणाऱ्याला आपण कशाबद्दल मार खातोय हे आधी कळतच नसे, आणि कळल्यावर बहुतेकांना पटत नसे, कारण चूक एखाद्या इंचाची असायची. कधी अर्ध्या इंचाची. मी त्याच्याच ऑफिसात कारकून होतो. चार वर्षं शेजारच्या टेबलावर काढली, पण मला त्यानं कधी हात लावला नाही. याचं श्रेय माझ्या स्वभावाला द्यायला मला आवडलं असतं. खरं कारण एवढंच की मी कधी काही मोजलंच नाही.

बुटका, मानेला जाड, हाताचे पंजे मात्र दुसऱ्याच कुणाचे वाटावेत इतके मोठे. खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल, आणि काखेत पितळी टोकांचा सागवानी गज. तीन फूट, छत्तीस इंच. कुणाच्या घरी चहाला गेला तरी आधी दाराच्या चौकटीला गज लावायचा आणि मग चप्पल काढायचा. "पाव इंच डावीकडं बसली हाये," असं घरधन्याला सांगून वर विचारायचा, "मिस्त्री कोन होता?" शहाणा घरधनी मिस्त्रीचं नाव सांगत नसे.

मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो कारंज्याजवळ, एका शाळेच्या खोलीचं बांधकाम चालू होतं तिथं. आमच्याकडे तेव्हा मिस्त्री लोक लहानसहान माप हातानंच घेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मिस्त्रीनं चौकटीसाठी चार हात जागा सोडली होती. भोयर पायाडावर चढला, गज लावला, आणि काही न बोलता मिस्त्रीच्या कानाखाली अशी दिली की तो खाली वाळूच्या ढिगावर जाऊन पडला. वाळू नसती तर मेला असता. भोयर वरून ओरडला, "तुहा हात तुह्या घरी ठेव! सरकारचा हात माह्यापाशी हाये!" आणि गज हवेत उभा धरला. मिस्त्रीचे दोन दात गेले. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला आणि भोयरनं त्याला कामावर घेतलंही. दोघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. मी नवा होतो.

त्याच्या घरी मी गेलो तो मोजून दोनदा. पहिल्या खेपेला बायको स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली नाही, पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चहा पिताना मला त्या माणसाचा इतका राग आला की अर्धा कप तसाच ठेवून उठलो. व्यक्तिचित्र लिहायचं म्हणजे माणसाचे काटे बोथट करायचे अशी एक पद्धत आहे. भोयरचे मला करता येणार नाहीत.

पण एकदा तळेगावच्या बाजारात, तो दोर विकणाऱ्याला त्याच्याच दोरानं बडवून आला होता तेव्हा (तो बिचारा दोन्ही हात फाकवून दोर मोजत होता, सगळेच मोजतात तसा), मी न राहवून विचारलं, "भोयरसाहेब, बोटभर दोरासाठी माणसाला एवढं काऊन मारता?"

त्यानं विडी पेटवली. "माहा थोरला भाऊ धुऱ्यावर मेला," तो म्हणाला. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. "शेजारी म्हने धुरा आंब्यापासून सात हातावर. भाऊही म्हने सात हातावर, पन दोघाईची रेघ येगयेगळी. कुऱ्हाड निंगाली. भावाचं डोस्कं इथून इथवर उकललं होतं. मी पाह्यलं." त्यानं बोट कपाळावरून मागे मानेपर्यंत नेलं. "मंग पोलिसाईनं दोघाईचंही मोजलं. शेजाऱ्याच्या रेघेपर्यंत शेजाऱ्याच्या हातानं सात भरले. भावाच्या रेघेपर्यंत मेलेल्या भावाच्या हातानंही सात भरले. दोघंही खरं बोलत होते, बाबू."

एवढं बोलून तो उठला.

मीटर आला तो साधारण एकोणसाठच्या सुमारास. नवे पैसे आधीच आले होते, आता मापंही नवी येणार म्हणून ओव्हरसिअर लोकांना वर्ध्याला शिकायला बोलावलं. कारकून म्हणून मी बरोबर होतो. शिकवणारे साहेब मुंबईचे, चष्मेवाले, आवाजानं मऊ. त्यांनी प्रत्येकाला एकेक लाकडी मीटरपट्टी दिली आणि फळ्यावर लिहिलं : एक मीटर म्हणजे एकोणचाळीस पॉइंट सदतीस इंच. भोयरनं आपल्या गजाशेजारी पट्टी धरली. पट्टी गजाच्या पुढे चार बोटं निघाली. त्यानं ती गुडघ्यावर घेतली आणि काडकन मोडली.

"हे कोनाचं माप हाये?" तो उभा राहून ओरडला. "गज मानसाच्या अंगातून आला. फूट पायातून आला. हे कुठून आलं?"

साहेब घाबरले होते, पण शिकवायची सवय मोठी असते. त्यांनी फळ्यावर पृथ्वीचा गोळा काढला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत जेवढं अंतर, त्याचे एक कोटी भाग करायचे. त्यातला एक भाग म्हणजे मीटर, असं धरून हे माप बनवलं, असं त्यांनी सांगितलं.

भोयर फळ्याकडे बघत राहिला. "म्हंजे हे कोन्याच मानसाचं नाई?"

"नाही. कुणाचंच नाही."

"राजाचंही नाई?"

"नाही."

"दुसरी द्या," तो म्हणाला आणि हात पुढे केला. साहेबांनी दुसरी पट्टी दिली. भोयर खाली बसला तो संध्याकाळपर्यंत पट्टीवरच्या रेघा बोटानं मोजत होता.

तिथून आल्यावर त्यानं सुताराकडून एक मीटर लांबीचा सागवानी दांडा बनवून घेतला, जुन्या गजाची पितळी टोकं काढून त्याला ठोकली, आणि बिनटोकाचा गज चुलीत घातला. मग तालुकाभर मीटरचा मार सुरू झाला. साइटवर गेला की पहिला सवाल, "एक मीटर म्हंजे?" ज्याला येत नसे त्याला एक थापड. "एकोणचाळीस इंच" म्हणणाऱ्याला दोन. "वरचे पॉइंट सदतीस कोनं, तुह्या बापानं खाल्ले?" महिन्याभरात कामावरची माणसं झोपेतही एकोणचाळीस पॉइंट सदतीस बडबडत असतील. जिल्ह्यात एवढ्या लवकर मीटर दुसरीकडे कुठं रुजला नसेल, आणि एवढे गालही दुसरीकडे सुजले नसतील.

त्याच वर्षी बोरखेडीची विहीर निघाली.

बोरखेडी तळेगावाकडचं गाव. गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता आणि मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं. त्याआधी गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचं. धर्म बदलल्यावर ते ओतणंही बंद झालं. बाया नाल्यात खड्डे खणून गढूळ पाणी वाटीवाटीनं भरायच्या. भागाबाई नावाच्या एका बाईचं धाकटं पोर त्या पाण्यानं गेलं. मग तिनं आणि वस्तीच्या माणसांनी अर्ज केले, आणि वस्तीसाठी सरकारी विहीर मंजूर झाली. अट एकच होती. नव्या विहिरीनं जुनीचं पाणी तोडू नये म्हणून दोघींत दोनशे फूट अंतर हवं. भोयरनं जागा ठरवली. खोदकाम सुरू झालं, पाणी हाताशी आलं.

आणि आमच्या बडेबाबूंनी घात केला. बडेबाबू म्हणजे ऑफिसचे मुख्य कारकून. वरून हुकूम आला की सगळे मंजुरीचे कागद नव्या मापात करा. आकडेमोड करायचा त्यांना कंटाळा. त्यांनी जिथं जिथं 'फूट' होतं तिथं ते खोडून 'मीटर' लिहिलं. आकडे तसेच ठेवले. दोनशे फुटांचे दोनशे मीटर झाले, म्हणजे साडेसहाशे फुटांच्याही वर. त्यावर सही झाली, शिक्का बसला, आणि एक प्रत बोरखेडीला गेली.

बोरखेडीचे माजी मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, बळवंतराव. मालगुजारी गेली होती, मिशी तेवढी राहिली होती. वस्तीला विहीर मिळणं त्यांना मुळातच झोंबलं होतं. कागद हाती येताच ते आमच्या साहेबांकडे आले. अंतर दोनशे मीटर भरत नाही, विहीर बुजवा. साहेबांनी नव्यानं मोजणीचा हुकूम काढला. भरलं नाही तर बुजवायची. चूक दुरुस्त करायला कागद वर्ध्याला धाडता आला असता, पण तो परत येईपर्यंत विहिरीवर बाभळी उगवल्या असत्या.

भोयरला हे कळलं तेव्हा मी माझ्या टेबलावर होतो. त्यानं खिशातून कापडी टेप काढला, बडेबाबूंच्या मागे गेला, आणि टेप त्यांच्या गळ्याभोवती टाकून आवळला. दौत सांडली. बडेबाबूंचे डोळे बाहेर आले.

"किती इंच हाये?" भोयरनं विचारलं.

"सा... साडेचौदा."

"मीटर करून सांगा."

बडेबाबू नुसतेच हात मारत होते.

"तुमच्या हिशोबानं साडेचौदा मीटर! एवढी मान हाये तुमची! फाशीले गावातला दोर पुरन का?" त्यानं आणखी एक पीळ दिला. आम्ही तिघांनी मिळून त्याला ओढला नसता तर त्या दिवशी खूनच झाला असता. बडेबाबू महिनाभर उपरणं गुंडाळून ऑफिसात येत होते.

मोजणीला मी पंचनामा लिहायला गेलो. गाव जमलं होतं. मालगुजाराचा पुतण्या सातआठ काठीवाले घेऊन उभा, वस्तीची माणसं खड्ड्यात खोदत होती ती पहारी घेऊन वर आली होती. भागाबाई गावच्या विहिरीपासून लांब, नेहमीच्या अंतरावर उभी होती. दोन्ही विहिरी एकमेकींकडून दिसत होत्या. मध्ये गावाची गल्ली, ती मालगुजाराच्या दारावरून जायची. सरळ मोजलं तर साठ मीटरच्या थोडं वर. हे सगळ्यांना ठाऊक होतं, भोयरला तर नक्कीच. मला वाटलं, झालं, संपलं.

भोयरनं गावच्या विहिरीच्या काठाला दांडा लावला आणि तो गल्लीकडे न वळता उलटा नाल्याकडे वळला.

"अहो भोयर, हे काय सोंग हाये?" मालगुजार म्हणाले. "सरळ मोजा की. डोयासमोर दिसून राह्यली विहीर."

"सरळच मोजतो ना जी." भोयर थांबला. "चाल वो भागाबाई. या विहिरीवरून आपल्या विहिरीवर चालून दाखव. सरळ."

भागाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि गल्लीत पाऊल टाकलं. काठ्या वर झाल्या. "पाय मोडून हातात देईन!" पुतण्या ओरडला. ती थांबली, पण मागे सरली नाही.

"म्हंजे सरळ रस्ता नाई त्याईले," भोयर म्हणाला. आवाज अगदी शांत. मी त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "कागदावर अंतर लिवलं हाये, कोन्या रस्त्यानं ते लिवलं नाई. तुमी त्याईले नाल्यावरून फिरवून आनता, बापजाद्यापासून. ते अंतर मी मोजतो. सरळ पायजे असन त म्हना सरळ. साठ भरन, विहीर बुजवून टाका. पन मंग आजपासून भागाबाई सरळ याच गल्लीनं येईन, अन् याच विहिरीचं पानी नेईन. बाबू, लिवा काय म्हनतात ते. मालगुजार सही करतीन."

मी पेन उघडलं. गल्ली द्यायची की विहीर द्यायची, यातलं एक मालगुजारांना स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं. ते काहीच म्हणाले नाहीत. भोयर वाकला आणि मोजू लागला. एक, दोन, तीन. दांडा ठेवायचा, खिळ्यानं टोकाशी रेघ मारायची, दांडा उचलायचा. वस्तीचे लोक त्याच्यामागून त्यांच्याच रस्त्यानं चालू लागले.

नाल्याच्या वळणावर, शंभर कधीच मागे पडले होते तेव्हा, पुतण्याची काठी त्याच्या उजव्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दांडा पडला. भोयरनं तो डाव्या हातानं उचलला आणि पितळी टोक पुतण्याच्या तोंडावर घातलं. पुन्हा घातलं. पुतण्या गुडघ्यावर आला तरी तो थांबेना. मग काठ्या आणि पहारी एकमेकांत घुसल्या. कुणाचं डोकं फुटलं, कुणाची बरगडी गेली. एक दगड भागाबाईच्या भिवईवर लागला आणि तिचा एक डोळा रक्तानं भरला. मी कागद पोटाशी धरून बाभळीखाली बसलो होतो. काठीवाले मागे हटले ते पहारी जड असतात म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं.

भोयर उठला. उजवा हात खाली लोंबत होता. शेवटच्या रेघेवर त्यानं डाव्या हातानं दांडा ठेवला, तोंडातलं रक्त थुंकला, आणि क्षणभर गप्प राहिला. मग पुढचा आकडा बोलला आणि मोजत गेला. नव्या विहिरीच्या काठाला दांडा टेकला तेव्हा त्यानं आकडा असा ओरडून सांगितला की गल्लीतल्या बायासुद्धा बाहेर आल्या. "दोनशे! लिवा!"

मी लिहिलं. पंच म्हणून शाळामास्तरांनी सही केली. त्यानंतर मालगुजारांनी हरकत घेतली नाही. लेखी 'सरळ मोजा' म्हणायचं तर लेखी गल्ली द्यावी लागली असती.

दवाखान्यात भोयर एकच दिवस राहिला. कंपाउंडरला लाथ मारून तो निघून आला आणि गावातल्याच एका हाड बसवणाऱ्याकडून हात बांधून घेतला. हात जुळला, पण आखूड झाला. मी भेटायला गेलो तेव्हा कोपर वळत नव्हतं.

"बराच आखूड झाला का?" मी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको बोलली. मी तिचा आवाज प्रथमच ऐकला. "दीड इंच."

"अडतीस मिलिमीटर!" भोयर गरजला. "पॉइंट एक!" आणि हात उगारला. तो डावा होता, त्याचा नेम अजून बसला नव्हता. ती बाजूला झाली. मला हसू आलं नाही.

मग तो पुन्हा खाटेवर आडवा झाला. "बाबू, मार बसला तवा किती झालते?"

"मी मोजत नव्हतो."

"तुमी कवाच काई मोजत नाई," तो म्हणाला. "मले आठवून नाई राह्यलं."

मारामारीबद्दल खटला उभा राहिला आणि त्याची बदली झाली. जायच्या दिवशी सकाळी तो दांडा घेऊन माझ्या दारात उभा. "चाला, बोरखेडीले जाऊन येऊ." मी का गेलो ते मला सांगता येणार नाही.

विहीर बांधून झाली होती, पाणी वर आलं होतं. नाल्याकडचा फिरून येणारा रस्ता मात्र तरोट्याच्या तणानं भरून गेला होता. तिकडून आता कुणी जात नव्हतं, जायचं कारणच उरलं नव्हतं. भोयरनं गावच्या विहिरीला दांडा लावला. डाव्या हातानं दांडा ठेवी, आखडलेल्या उजव्यानं तरोटा दाबी. मोठ्यानं एकही आकडा बोलला नाही. त्याच्या मागून चालताना मी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं.

नव्या विहिरीच्या काठाला दांडा टेकला तेव्हा माझे एकशे एक्क्याण्णव झाले होते. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याचेही तेवढेच झाले होते.

भागाबाई पाणी ओढत होती. भिवईवरचा व्रण पांढरा पडला होता. तिनं दोर थांबवला. "काय जी साहेब, आज पुन्हा मोजून राह्यले? भरलं ना बरोबर?"

भोयरचा चेहरा मी कारंज्याजवळच्या त्या पायाडावर पाहिला होता तसा झाला. पॉइंट सदतीससाठी माणसं लोळवणारा तो माणूस नऊ मीटरची तूट समोर धरून उभा होता. त्यानं डावा हात उचलला. भागाबाई एक पाऊल मागे सरली. मी पुढे झालो, पण तोवर थापड बसली होती. ती त्यानं स्वतःच्या तोंडात मारली होती. सगळ्या ताकदीनं, नेम न चुकता. ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं.

"भरलं, वो बाई," तो म्हणाला. "दोनशे."